प्रसादाचा शिरा आणि हजेरीपटावरची १९ नावं

सलाम.

तुझं पत्र सावकाश वाचलं. आणखीही कोणी हे वाचेल म्हणून तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तू ख्रिस्ती आहेस आणि सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतोस. तिथे वर्षाला एक सत्यनारायण, खंडेनवमीला यंत्रांची पूजा, रोज सकाळी गल्ल्यापुढे उदबत्ती, गणपतीत वर्गणी. पूजेला उभं राहायचं का, प्रसाद घ्यायचा का, सहकारी 'तुम्ही लोक बाटवता' म्हणतात तेव्हा काय बोलायचं, दिवाळीआधी रविवारी कामावर बोलावतात त्याचं काय, धाकट्या बहिणीच्या जातीच्या दाखल्याचं काय, असं तू विचारलं आहेस. आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे : 'बाकी कामात थोडं इकडचं तिकडं असतंच, माणसं वीसच्या आत दाखवायची वगैरे, ते सगळीकडेच चालतं.'

चर्चचा पाळक होण्याआधी मी इथल्याच एका मिलच्या पगार खात्यात कारकून होतो. त्यामुळे माझा डोळा त्या शेवटच्या ओळीवर अडकला. तिकडे येतोच. आधी शिरा.

ख्रिस्ती जीवनावरची जी पुस्तकं आपल्याकडे अमेरिका-इंग्लंडातून येतात, ती वाचून आपली तरुण मंडळी गोंधळतात. ती लिहिली गेली आहेत अशा लोकांसाठी, ज्यांच्या कचेरीत देवाचं नाव काढलं तर शेजारचा अवघडतो. सोलापुरात देवाचं नाव कोणालाच अवघड वाटत नाही. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, तेव्हा अर्धं शहर रस्त्यावर असतं. आषाढीला पंढरपूरकडे जाणाऱ्यांना पाणी द्यायला सगळ्या जातीधर्मांचे लोक उभे राहतात. इथे तुझा सेठ तुझ्या प्रार्थनेला हसणार नाही. उलट घरात कोणी आजारी पडलं तर 'तुमच्या चर्चमध्येही सांगा' म्हणेल. राज्याला धर्म नाही, पण दुकानाला, कारखान्याला, गल्लीला आहे, आणि तो बहुतेक वेळा आपला नाही. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून तू रोज जात असशील : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला चौघं एकाच दिवशी फासावर गेले. हे शहर अशा सरमिसळीतून बनलेलं आहे, आणि त्यात मोजक्या संख्येने राहणाऱ्याने 'मला सगळ्यांपासून वेगळं ठेवा' म्हणण्यात अर्थ नाही. बाबेलच्या बंदिवासात गेलेल्यांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र पाठवलं (बायबलमधलं त्याचं पुस्तक, अध्याय २९), त्यातही हेच आहे : घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा.

आता प्रसाद. यावर मंडळ्यामंडळ्यांत, म्हणजे चर्चाचर्चांत, मतभेद आहेत आणि ते राहतील. करिंथच्या बाजारात मूर्तीपुढे वाहिलेलं मांस विकायला यायचं, त्याबद्दल प्रेषित पौलाला हाच प्रश्न विचारला गेला होता. १ करिंथ १० मधलं त्याचं उत्तर फार व्यवहारी आहे. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नको, आणि तेही तुझ्यासाठी नाही, सांगणाऱ्याच्या मनासाठी. हे मी आपल्याकडे असं लावतो : दिवाळीचा फराळ, कोणाच्या बढतीचे पेढे, यात्रेतून आणलेली मिठाई, यात उकरून विचारू नये, आनंदाने खावं. सत्यनारायणाचा शिरा मात्र प्रसाद म्हणूनच हातात येतो. देणारा तो श्रद्धेने देतो. मी तो घेत नाही. जो घेतो त्याला बाटला म्हणत नाही. खाण्यावरून एकमेकांना दोष लावू नका म्हणणारा रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय तेवढ्यासाठीच आहे.

पण नाही म्हणायचं कसं, यात सगळी गोम आहे. द्रोण घ्यायचा, दोन पावलं पुढे जाऊन रुमालात गुंडाळायचा आणि घरी जाताना नाल्यात टाकायचा, हा प्रकार आपल्यातले अनेक जण करतात. याच्याइतकी वाईट रीत नाही. ज्याने दिलं त्याचा अपमान, अन्नाचा अपमान, आणि आपणही खोटे. त्यापेक्षा पूजेच्या आधी एक-दोन दिवस, जो सगळी व्यवस्था बघतो त्याच्याशी एकट्याने बोल. 'काका, मी दिवसभर आहे. खुर्च्या, जेवणाचं, पाहुण्यांचं मी बघतो. पूजेला बसणार नाही आणि प्रसाद घेणार नाही, राग मानू नका.' एवढंच. प्रवचन नको, वचन नको. ऐनवेळी दहा जणांसमोर हात मागे घेतलास तर तो अपमानच ठरतो. आधी सांगितलंस तर तुझं वागणं लोकांना आधीपासून माहीत असतं. दरवर्षी नेमका पूजेच्या दिवशी रजेचा अर्ज टाकणं हेही बरं नाही. कोणाला कळत नाही असं वाटतं, पण शिपायापासून सगळ्यांना कळतं.

आरतीच्या वेळी शांतपणे बाजूला उभं राहावं. २ राजे ५ मधला नामान आठव. तो अरामाचा सेनापती. कोडातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करील तेव्हा मलाही वाकावं लागेल, एवढी क्षमा असावी. अलीशा त्याला झापत नाही, 'शांतीने जा' म्हणतो. या एका ओळीवरून सगळं चालतं असा अर्थ काढणारे मला भेटले आहेत. तो काढू नये. पण नोकरीमुळे शरीर जिथे उभं असतं आणि मन जिथे असतं, यातला फरक देवाला कळतो, एवढा दिलासा त्यात आहे.

कायद्याचा आधार किती, तेही सांगतो, कारण तू संविधानाच्या कलम २५ चा उल्लेख केला आहेस. ते कलम सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं, धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचंही देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. केरळातली तीन शाळकरी मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शाळा परत मिळवून दिली. उलट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती लष्करी अधिकाऱ्याची बडतर्फी कायम ठेवली. पलटणीच्या धार्मिक संचलनात तो जात होता, फक्त गाभाऱ्यात जायला तयार नव्हता. सर्वोच्च न्यायालयातही त्याला दाद मिळाली नाही. लष्कराची शिस्त वेगळी, तुझा कारखाना वेगळा. तरी लक्षात ठेव की प्रत्येक नकाराला कोर्टाचं छत्र नसतं. म्हणून नकार थोडे ठेवावेत आणि मग त्यांची किंमत मोजायची तयारी ठेवावी.

गणपतीची वर्गणी : मंडळ रक्तदान शिबिर घेत असेल किंवा शाळेच्या मुलांना वह्या वाटत असेल तर त्यासाठी म्हणून दे, आणि कंजुषी करू नकोस. मिरवणुकीत लेझीम खेळलं तर चालेल का असं मागे एका पोराने विचारलं होतं. सोलापूरच्या पोराला लेझीम खेळू नको कोण सांगणार? मूर्तीपुढे नाही, शाळेच्या संमेलनात खेळ, पोटभर खेळ. मराठी सूर, मराठी ताल आपलेच आहेत. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर अभंग, कीर्तन सगळं ख्रिस्ताच्या पायाशी आणलं. आज आपण उपासनेत जे गातो त्यात त्यांचं किती आहे ते उघडून बघ.

रविवारचं लवकर उरकतो. दिवाळीच्या आधी ऑर्डर अडकली तर जा. विहिरीत पडलेला बैल शब्बाथाला, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, कोण काढणार नाही, असं प्रभूनेच विचारलं आहे. संध्याकाळच्या उपासनेला ये. पण वर्षभर रविवार गिळणारी सवय होऊ देऊ नकोस, आणि सेठला हे दिवाळीत सांगू नकोस, जूनमध्ये सांग.

आता शेवटची ओळ.

तू लिहिलंस ते मी नीट समजलो असेन तर कारखान्यात चाळीस-एक माणसं आहेत आणि हजेरीपटावर १९ नावं आहेत. आकडा १९ का, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वीस माणसं झाली की भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होतो. ज्याचा पगार १२,००० रुपये आहे त्याच्या नावावर मालकाने १२ टक्के, म्हणजे महिन्याला १,४४० रुपये, वर्षाला १७,२८० भरायचे असतात. त्यातलाच मोठा भाग पेन्शनकडे वळतो, आणि पेन्शन हवी तर नोंदलेली सेवा किमान १० वर्षांची लागते. म्हणजे कांडी भरणारी एखादी बाई तुमच्याकडे पंधरा वर्षं राबली आणि गुडघे गेले म्हणून घरी बसली, तर कागदावर ती तुमच्याकडे कधी कामाला नव्हतीच. हे लिहिणारा हात तुझा आहे.

शिऱ्याबद्दल तू पानभर लिहिलंस आणि यावर एक ओळ. तुला बोल लावत नाही. मंडळीत माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त लोक असेच येतात. उदबत्तीचा धूर लगेच दिसतो, हजेरीपट कपाटात असतो. पण पवित्र शास्त्रात शोधलंस तर मजुरीबद्दलचा शब्द शिऱ्याबद्दलच्या शब्दापेक्षा कितीतरी कडक आहे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. अनुवाद या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायची आहे, तो मजूर परका असला तरी. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, आम्ही काय करावं म्हणाले. त्याने त्यांना नोकरी सोडा म्हटलं नाही. ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका म्हटलं. आणि साधारण इसवी सन ११२ च्या सुमाराला प्लिनी नावाचा रोमन सुभेदार सम्राट ट्रेजनला कळवतो की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून शपथ घेतात : चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, ठेवायला दिलेला पैसा मागितल्यावर नाकारणार नाही. ज्यांना तो शिक्षा करत होता त्यांच्याबद्दलचा हा अहवाल आहे. ठेव नाकारणार नाही, ही शपथ विणकराच्या निधीला तंतोतंत लागू होते.

मग उद्या राजीनामा टाकायचा का? नाही. तुझ्या घराचा हप्ता आहे, हे तूच लिहिलं आहेस. दानीएलाकडे बघ. त्याने बाबेलचं नाव घेतलं, त्यांची विद्या शिकला, राजाची नोकरी केली. जिथे अडला तिथे त्याने नुसता नकार दिला नाही, पर्याय ठेवला : दहा दिवस भाजी आणि पाणी देऊन बघा.

माझ्या ओळखीत एक हिशोबनीस होता, तुझ्यासारख्याच कारखान्यात. त्याने एक कागद केला. डावीकडे नोंद नसलेल्या माणसांची नावं, मध्ये पगार, उजवीकडे मालकाचा हिस्सा, खाली बेरीज. वीस माणसांचे महिन्याला २८,८०० रुपये आले. त्याच महिन्यात सेठने गाडीचा जो हप्ता भरला होता त्याच्या आसपासचा हा आकडा होता, पण ते त्याने कागदावर लिहिलं नाही, आणि शहाणपणा केला. दुपारी जेवणानंतर, केबिनमध्ये कोणी नसताना, तो कागद पुढे ठेवून म्हणाला, 'सेठ, पुढच्या महिन्यापासून ही नावं चढवू. मागचं काय करायचं ते सल्लागाराला विचारू. उद्या एखादा अपघात झाला आणि निरीक्षक आला तर सही माझी नसेल, तुमची असेल.' सेठ कागद न बघता म्हणाला, 'हे चर्चमध्ये शिकव.' तेव्हा त्याने दुसरं वाक्य बोललं, जे त्याने घरून पाठ करून आणलं होतं : 'सुताचा हिशोब, बँक, जीएसटी, कितीही रात्र झाली तरी मी करतो. हजेरीपट मात्र दुसऱ्या कोणाला द्या.'

हजेरीपट दुसऱ्याकडे गेला. त्या वर्षी सगळ्यांना वाढ मिळाली, त्याला मिळाली नाही. तो तिथे असेपर्यंत ती नावं चढली नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण चर्चमधल्या साक्षीच्या सभेत अशा गोष्टींचा शेवट नेहमी मालकाच्या पश्चात्तापाने होतो. इथे एवढंच झालं की शनिवारी कामगारांचा रोख पगार वाटायचं काम सेठने त्याच्याकडे दिलं आणि बाकी कोणाकडे दिलं नाही. माणूस स्वतः खोटं लिहून घेतो, पण पैशाची पिशवी कोणाच्या हातात द्यायची हे त्याला बरोबर कळतं. पुढे त्याने शोधून दुसरी नोकरी धरली.

लाचेचंही तुझ्या टेबलावर येत असेल. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवावं लागतं. मागणारा आणि नाइलाजाने देणारा देवापुढे एकाच तागडीत आहेत असं मला वाटत नाही, पण पाकीट पोचवणारा मधला माणूस तू होऊ नकोस.

बहिणीच्या दाखल्याबद्दल लिहिताना हात जड होतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता; १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. बाप्तिस्म्याने जात सुटते असं सरकार धरतं, आणि गावकुसाजवळचं आपलं घर मात्र तिथेच असतं; खरं सांगायचं तर आपल्याच मंडळीत सोयरीक जुळवताना ती सुटलेली नसते. हा अन्याय आहे असं माझं मत आहे. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग या प्रश्नासाठी नेमला गेला. पण तोवर काय? तुझी बहीण बाप्तिस्मा घेतलेली, दर रविवारी वेदीपुढे येणारी, आणि अर्जावर हिंदू लिहिते, तर ते खरं नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका बाईचा दावा फेटाळला. तुझा सेठ १९ नावं लिहितो तेव्हा तो कागदावर खोटं लिहितो असं म्हणायचं, तर आपल्या कागदालाही तोच नियम. मी तिला प्रभुभोजनापासून अडवणार नाही, आणि मंडळीचा जो पंच तिला अडवू म्हणेल त्याला विचारीन की कॉलेजची फी मंडळीच्या कोणत्या खात्यातून द्यायची ठरली आहे. समाजकल्याण कार्यालयात जाऊन ओबीसीचा मार्ग तिच्यासाठी कितपत खुला आहे ते दोघं मिळून विचारा. फीचं मी पंचमंडळात मांडतो. मंडळीच्या मागच्या निवडणुकीच्या कज्ज्यात वकिलांवर जे गेलं त्यात दोन-तीन पोरं शिकली असती.

'बाटवता' म्हणणाऱ्यांना उत्तर देण्याची घाई करू नकोस. प्रसाराचा हक्क आहे, पण त्यात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच म्हटलं आहे. आणि प्रेषित पेत्र सांगतो, विचारणाऱ्याला उत्तर दे, सौम्यतेने आणि आदराने. विचारल्यावर. ज्याची रजा, ज्याची उचल तुझ्या सहीवर अवलंबून आहे त्या कामगाराच्या हातात तू पत्रक कधीच ठेवू नकोस. तो ते घेईल, मान डोलवील, आणि त्याचं कारण प्रभू नसेल, उचल असेल. कोणाच्या घरी आजारपण असलं तर दवाखान्यात डबा घेऊन जा. प्रार्थना करू का, असं विचार. नको म्हणाला तर डबा ठेवून ये.

एवढं एकट्याने पेलत नाही. आपल्या मंडळीत तुझ्यासारखे हिशोबाचं काम करणारे आहेत, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर आहेत, शिक्षक आहेत. प्रत्येकाच्या टेबलावर काहीतरी असं आहे आणि रविवारी सगळे इस्त्रीचे कपडे घालून छान बसतात. महिन्यातून एकदा संध्याकाळी या लोकांनी बसावं असं माझ्या मनात बरेच दिवस आहे; प्रवचन नाही, चहा आणि खरी अडचण. पहिल्या बैठकीला तू ये.

त्याआधी तो कागद कर. नावं, पगार, बारा टक्के, बेरीज. सेठकडे जाण्याआधी मला आणून दाखव, आकडा एकाही रुपयाने चुकता कामा नये. गुरुवारी संध्याकाळी मी घरी असतो. येताना बायकोला घेऊन ये. हजेरीपट सोडल्यावर वाढ थांबली किंवा नोकरीच गेली तर हप्ता कसा भरायचा, हे तिच्याशी बोलल्याशिवाय तू केबिनमध्ये जायचं नाहीस.